प्रार्थनेतले सात उमेदवार

हलका, म्हणजे लवकर येणारा, धान पिवळा पडू लागला की आमच्या कामठ्याकडच्या शिवारात एक वास सुटतो. बांधीतलं, म्हणजे धानाच्या खाचरातलं, पाणी आटलेलं असतं, चिखलाला भेगा पडायच्या बेतात असतात, वरून ऑक्टोबरचं ऊन लोंब्यांना भाजत असतं आणि गावात कुणाच्या तरी चुलीवर नव्या तांदळाचा पहिला भात शिजत असतो. हे सगळं मिळून तो वास होतो. त्या वासाने मला हायसं वाटतं. माझी बायको सुनंदा म्हणते, "तुमचं सगळंच उलटं. कापणी आली की लोकांच्या पोटात गोळा येतो, मजूर मिळतील का, पाणी पडेल का. तुम्ही मात्र धुऱ्यावर उभे राहून एकटेच हसता." धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभा राहून हसतो खरा. त्याला कारण आहे, आणि ते धानाचं कमी, निवडणुकीचं जास्त आहे.

यंदा ग्रामपंचायतीची निवडणूक आहे. सकाळपासून भोंगा बांधलेला ऑटो गावातून फिरतो आहे. भोंगेवाला गोंदियाचा, त्यामुळे त्याचं निम्मं बोलणं हिंदीत. "भारी बहुमतसे विजयी करा," असं तो ओरडतो आणि वळणावर त्याच्या ऑटोला शेजारच्या टिकारामभाऊंची म्हैस आडवी येते. मग भोंगा चालू असतानाच तो म्हशीला शिव्या देतो आणि त्याही साऱ्या गावाला ऐकू जातात. लोकशाहीचं हे रूप मला आवडतं. त्यात लपवाछपवी नसते.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतला निवृत्त गुरुजी. दोन एकर धानाची बांधी आहे. ख्रिस्ती आहे, आणि त्यातही जुन्या वळणाचा. आमच्या गोंदियाच्या मंडळीतली, म्हणजे आमच्या चर्चमधली, तरुण पोरं मागे मला कट्टर म्हणतात, आणि त्यांचं काही चुकत नाही. चर्चला आम्ही देऊळच म्हणतो; त्या देवळात गिटार आली तेव्हा मी विरोध केला होता. पुढे ड्रम आला तेव्हा मी गिटारच्या बाजूने बोललो. दारू, लॉटरी, लग्नातला नाच, फुकटात वाटलेल्या साड्या, देवाधर्माच्या नावावर मागितलेलं मत, या सगळ्यांबद्दल माझं मत एकच आहे आणि ते मी कुणी विचारलं नाही तरी सांगतो. मात्र निवडणुकीत मी कुणाला मत दिलं ते मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. सुनंदालाही नाही. इथेही लिहिणार नाही.

निवडणूक आली की आमच्यासारख्या मूठभर लोकांची अचानक सगळ्यांना आठवण होते. एका बाजूचे येऊन कानात सांगतात, "गुरुजी, ते निवडून आले तर तुमचं काही खरं नाही." दुसऱ्या बाजूचा एखादा चहा पिता पिता विचारतो, "तुमाले अमेरिकेहून पैसा येते म्हणतात, खरं हाय का?" अमेरिकेहून मला आजवर एकच गोष्ट आली आहे, नाताळचं एक कार्ड. तेही दुसऱ्या कुणाचं होतं, पोस्टमनने ख्रिस्ती नाव बघून आमच्याकडे टाकलं. माझा आजा मिशनच्या दवाखान्याच्या बागेत माळी होता. त्याने याच मातीत झाडं लावली आणि तो याच मातीत पुरला आहे. भीती दाखवणाऱ्यांचा मला कंटाळा येतो आणि संशय घेणाऱ्यांचाही येतो. दोघांनाही मी सुनंदाच्या हातचा चहा पाजतो आणि वाटेला लावतो.

आमच्यातलेही काही कमी नाहीत. १९९९ च्या हंगामात मंडळीत दोन तट पडले होते. सहस्रक संपतंय तर जगही संपणार, असं काहींना पक्कं वाटत होतं. त्यातले एक काका म्हणत, धान विकू नका, संकटाच्या दिवसांत लागेल. दुसरे म्हणत, विकून टाका, ठेवून करणार काय? मी दोघांचंही शांतपणे ऐकलं आणि दरवर्षीसारखा निम्मा विकला, निम्मा कणगीत ठेवला. जानेवारी उजाडला तेव्हा पहिले काका उंदरांची तक्रार करत आले आणि दुसरे तांदूळ मागायला. आता आमच्या व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर दर निवडणुकीला कुणीतरी जग संपण्याआधी येणार म्हणून सांगितलेला तो ख्रिस्तविरोधी शोधून काढतो. माणूस दर वेळी वेगळा असतो, खात्री मात्र तीच असते. मी ते वाचतो, मोबाइल पालथा ठेवतो आणि बांधीवर जातो.

राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना करा, असं शास्त्र सांगतं. आवडत्या राज्यकर्त्यांसाठी करा, असं सांगत नाही. ही आमची जुनी रीत आहे. दर रविवारी उपासनेत एक वडीलधारा उठतो, सगळे डोळे मिटतात आणि तो देशाच्या प्रधानमंत्र्यापासून तहसीलदारापर्यंत नावं घेऊन प्रार्थना करतो. कित्येक वर्षं हे काम माझ्याकडे आहे. मला मनातून अजिबात न आवडणाऱ्या किती पुढाऱ्यांसाठी मी आरोग्य आणि दीर्घायुष्य मागितलं आहे, याची त्या बिचाऱ्यांना कल्पना नाही. त्यातले काही चांगलेच टिकले. पण या रितीने मला एक फायदा झाला. ज्याचं नाव दर आठवड्याला देवापुढे घ्यावं लागतं त्याचा पुरता द्वेष करता येत नाही. मी करून पाहिलं आहे, जमत नाही.

कापणीला मी हसतो ते ज्या वर्षामुळे, त्या वर्षी, म्हणजे दहा वर्षं होत आली असतील, दिवाळीच्या तोंडावर विधानसभेची निवडणूक होती आणि आमचा सुशील वकीलसाहेबांच्या प्रचारात होता.

सुशील माझा एकुलता एक मुलगा. तेव्हा पंचविशीतला. डीएड करून बसला होता. गोंदिया जिल्ह्यात त्या काळी दगड भिरकावला तर तो डीएडवाल्याला लागायचा, इतके ते झाले होते. वकीलसाहेब आमच्या भागातले उमेदवार. त्यांचं खरं नाव लिहायचं कारण नाही, सगळे त्यांना वकीलसाहेबच म्हणत. सुशील त्यांची जीप चालवायचा, चौकाचौकांत फ्लेक्स बांधायचा आणि रात्री घरी येऊन उभ्याउभ्या जेवायचा. त्याचं अंग उन्हाने काळवंडलं होतं, पण चेहऱ्यावर पहिल्यांदाच काहीतरी करतोय असा तजेला होता. "निवडून आले की माझं काम करतो म्हणाले," एवढंच तो सांगायचा. मला ते पटत नव्हतं. त्याचा तो तजेला मात्र हवाहवासा वाटायचा. त्यामुळे मी भाकरीकडे बघत गप्प बसायचो.

मग एके संध्याकाळी आमचे पाळकसाहेब, म्हणजे पाद्री, स्कूटरवर घरी आले. नवे होते, तरुण होते, मनाने सरळ होते. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाले, "गुरुजी, येत्या रविवारी हंगामाची उपकारस्तुती आहे. वकीलसाहेब पाहुणे म्हणून येणार आहेत. भाषण नाही, काही नाही. आचारसंहिता मलाही कळते. तुम्ही फक्त तुमच्या प्रार्थनेत त्यांचं नाव घ्या."

"नाव कशाला?"

"तुमच्या तोंडून नाव निघालं की मंडळीला समजतं. सुशीलने त्यांना शब्द दिलाय, आपल्या मंडळीची मतं पक्की म्हणून."

सुशील दारात उभा होता. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. चौकटीवरचा जुना खिळा बोटाने हलवत राहिला.

मी हो म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही. माझी खरी अडचण झाली होती. त्या माणसासाठी प्रार्थना करणार नाही, असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? शास्त्रच करायला सांगतं. पण निवडणुकीच्या दिवसांत एकट्याचंच नाव घेणं म्हणजे डोळे मिटून केलेला प्रचार. आणि मतं पक्की म्हणजे काय? मंडळी म्हणजे काही माझ्या बांधीतला धान नव्हे, की मी कापून भारा बांधून कुणाच्या तरी गाडीत टाकावा. सुनंदाजवळ हे बोललो तर ती म्हणाली, "पोराचं तोंड बघा आधी, मग शास्त्र बघा." मी दोन्ही बघितलं. तिढा काही सुटला नाही.

हंगामाची उपकारस्तुती हा आमचा कापणीचा सण. वेदीपुढे लोंब्यांच्या जुड्या, कोहळे, दोडके, केळीचे घड, कुणाच्या परसातल्या मिरच्या मांडलेल्या असतात. सगळं देऊळ नव्या धानाच्या वासाने भरून जातं. वकीलसाहेब वेळेवर आले. त्यांनी मोठ्या आदराने चपला बाहेर काढल्या आणि आत आल्यावर सगळ्यांच्या पायांत बूट-चपला बघून ओशाळले. मला ते बघून त्यांच्याबद्दल मनापासून बरं वाटलं. ते दुसऱ्या बाकावर हात जोडून बसले. सुशील अगदी मागे, दाराजवळच्या बाकावर होता. स्वच्छ पांढरा शर्ट घातला होता, सुनंदाने इस्त्री केलेला.

मी उभा राहिलो. सगळ्यांनी डोळे मिटले, मीही मिटले. प्रधानमंत्री झाले, मुख्यमंत्री झाले, जिल्हाधिकारी, पोलीस झाले. मग मी वकीलसाहेबांचं नाव घेतलं आणि त्यांना सद्बुद्धी, सामर्थ्य आणि चांगली प्रकृती दे म्हणालो. पुढच्या बाकावरच्या आमच्या मार्थाबाई, ज्यांना कमी ऐकू येतं, त्या मोठ्याने "आमेन" म्हणाल्या. पाळकसाहेबांनी सोडलेला सुस्कारा मला ऐकू आला.

आणि मग मी त्यांच्या कट्टर विरोधकाचं, राईस मिलवाल्या शेठचं, नाव घेतलं. त्यालाही सद्बुद्धी, सामर्थ्य, प्रकृती. "आमेन," मार्थाबाई म्हणाल्या. मग तिसऱ्याचं, मग चौथ्याचं. उमेदवार सात होते. शेवटचे तीन अपक्ष, आणि ऐन वेळी माझ्या तोंडी त्यांची नावं काही येईनात. प्रार्थना अर्धवट सोडायची नसते. मी म्हणालो, "प्रभू, कपबशी या चिन्हावर उभ्या असलेल्या तुझ्या लेकराला आशीर्वाद दे." कुठेतरी बारीक हसू फुटलं. "शिलाई मशीन या चिन्हावर उभ्या असलेल्या तुझ्या लेकीला सांभाळ." आता बायकांच्या बाजूचे बाक हलायला लागले होते. टेबलफॅनवाल्यापर्यंत पोचलो तेव्हा मलाच कपाळावर घाम आला होता. मार्थाबाईंनी मात्र एकाही उमेदवाराला आमेनवाचून सोडलं नाही.

डोळे उघडले तेव्हा दुसरा बाक रिकामा होता. नागऱ्याला त्यांची पुढची सभा होती, असं नंतर कळलं. मी दाराकडे बघितलं. दाराजवळचा बाकही रिकामा होता.

घरी आल्यावर मी सगळा प्रकार सुनंदाला समजावून सांगितला, जणू ती तिथे नव्हतीच. ती ऐकून म्हणाली, "देवाला माहीत नव्हती का सातांची नावं? तुम्हीच सांगायला हवी होती?" आणि मग ती ओसरीवर जाऊन बसली. सुशील त्या दिवशी आला नाही. दुसऱ्या दिवशी टिकारामभाऊंच्या हाती निरोप आला. टिकारामभाऊ म्हणजे शेजारचे पोवार शेतकरी, आमच्या बांध्यांना बांध्या लागून. आमचे देव वेगळे, पक्ष बहुतेक वेगळे, पण मोटारपंप सामाईक. ते म्हणाले, "पोरगा गोंदियात दोस्ताच्या रूमवर राहून रायला गुरुजी. म्हणे, बाबाले सांगा, घरी येत नाई आता." मग त्यांनी विचारलं, "काऊन गा, असं काय बोलले तुमी त्याले?"

"त्याला काहीच बोललो नाही," मी म्हणालो. ते खरं होतं.

मी बरोबर होतो याबद्दल मला तेव्हा शंका नव्हती, आजही नाही. देऊळ कुणाच्याही दावणीला बांधायचं नाही, आवडत्या माणसाच्याही नाही, हे माझं मत मरेपर्यंत राहील. पण त्या दिवसांत घरात ताटं दोनच वाढली जात आणि तिसरा पाट भिंतीला टेकवलेला असे. मंडळीतले काही जण वाटेत भेटले की म्हणत, "गुरुजी, तुम्ही सगळं बिघडवलंत." त्याचं मला काही वाटत नव्हतं. फोन लावला की पलीकडून घंटी वाजत राहायची आणि मग एक बाई सांगायची की ही व्यक्ती उत्तर देत नाही. त्या बाईचा आवाज मला पाठ झाला. पोरगा गेला तो कायमचाच गेला की काय, ही एकच भीती दिवसरात्र सोबत होती.

मतदानाच्या दिवशी तो दिसला. आमच्याच शाळेत केंद्र होतं, आणि केंद्रापासून लांब झाडाखाली पक्षाचं टेबल लावून तो मतदारांना चिठ्ठ्या देत होता. गावात आला होता, पण घरी आला नव्हता. मी टेबलापुढे जाऊन उभा राहिलो. त्याने यादीत बोट फिरवलं, माझं नाव काढलं, चिठ्ठी लिहिली आणि पुढे केली. हात माझ्या हाताला लागला. "खोली दोन नंबर," तो म्हणाला.

"जेवलास का?" मी विचारलं.

मागे रांग होती. "पुढे चला काका," कुणीतरी म्हणालं, आणि मी पुढे गेलो. खोली दोन नंबरमध्ये मी कितीतरी वर्षं चौथीचा वर्ग घेतला होता. तिथेच, पुठ्ठ्याच्या आडोशाला, यंत्रावरची सातही नावं मी नीट वाचली. कपबशीवाल्याचं नाव मोठं सुरेख होतं. ते मला त्या रविवारी आठवायला हवं होतं.

पुढे या गोष्टीचा मी पुष्कळ विचार केला आहे. माणूस राजकारणात पडतो तो काही नेहमी लोभानेच पडतो असं नाही. कुणीतरी आपल्याला नावाने हाक मारावी, आपल्यावाचून कुणाचं तरी अडावं, एवढ्यासाठीही पडतो. डीएड करून घरी बसलेल्या पोराला वकीलसाहेब सकाळी फोन करून म्हणायचे, "सुशील, तू ये, मगच निघू." मी त्याला तसं कधी म्हणालो होतो, हे मला आठवेना. टीव्हीवर पुढाऱ्यांची भांडणं चालतात आणि सगळे एकाच वेळी बोलतात, तेव्हा मी हल्ली आवाज बंद करतो आणि त्यांच्यामागे फायली धरून उभ्या असलेल्या पोरांचे चेहरे बघतो. ती पोरं जेवली असतील का, असा विचार येतो. सुनंदा म्हणते, मी म्हातारा होतोय.

वकीलसाहेब त्या वेळी पडले. चांगल्या मतांनी पडले, आमच्या मंडळीची सगळी मतं दोनदा मिळाली असती तरी पडलेच असते. निकालाच्या आधीचा रविवार मात्र माझ्या मनात निकालापेक्षा मोठा आहे.

शुक्रवार-शनिवारी मजूर लावून धान कापला होता. कापलेल्या धानाच्या कडपा, म्हणजे पेंढ्यांच्या ओळी, बांधीतच वाळत पडल्या होत्या. रविवारी सकाळी उठलो तर आभाळ काळं. टिकारामभाऊंची सगळी माणसं त्यांच्या बांधीत भारे बांधायला लागली होती. ते धुऱ्यावरून ओरडले, "गुरुजी, आज त उचला गा! पाणी येऊन रायला!"

"आज रविवार आहे भाऊ."

"पाण्याले रविवार ठाऊक आहे का?"

रविवार म्हणजे आमचा शब्बाथ, विसाव्याचा दिवस; त्या दिवशी आमच्या घरी शेतीचं काम होत नाही. माझ्या बापाने केलं नाही, मी केलं नाही. टिकारामभाऊंना हे माहीत आहे, आणि ते दरवर्षी एकदा तरी यावरून माझी मजा घेतात. पण त्या दिवशी ते मजा घेत नव्हते. मी उपासनेला जाऊन आलो. परत येईतो वारा सुटला होता, आणि पहिले टपोरे थेंब धुळीत पडत होते. वर्षभराचं खाणं उघड्यावर पडलं होतं आणि मी स्वच्छ कपडे घालून धुऱ्यावर उभा होतो. मनात म्हणत होतो, प्रभू, तुझा दिवस मी पाळतो, तू माझा धान पाळ. असा सौदा करू नये, हे मी इतरांना शिकवत आलो आहे.

तेवढ्यात पांदणीतून एक छोटा टेम्पो हेलकावे खात आला आणि धुऱ्याशी थांबला. सुशील उतरला. मागचा फाळका पाडून त्याने गुंडाळ्या खाली ढकलायला सुरुवात केली. फ्लेक्स होते. मतदान झाल्यावर कुणाला नको झालेले, चौकाचौकांतून सोडवून आणलेले.

तो सरळ बांधीत उतरला, कडपा गोळा करून पहिला भारा बांधला आणि पाठीवर घेतला. "सुशील, आज रविवार," मी म्हणालो.

भारा तसाच पाठीवर ठेवून तो थांबला. "बाबा, बैल खड्ड्यात पडला आणि शब्बाथ असला, त बैलाले काढायचं का नाई? तुमीच शिकवलं मले. रविवारच्या शाळेत."

"काढायचं."

"मग या खाली. तुमचा बैल भिजून रायला."

मी खाली उतरलो. चांगले कपडे, उपासनेचे बूट, सगळ्यांसकट. टिकारामभाऊंनी तिकडून दोन माणसं पाठवली. आम्ही भारे उचलले, उंचवट्यावर पुंजणं, म्हणजे भाऱ्यांची गंजी, रचलं, आणि पाऊस अंगावर यायला नि फ्लेक्स अंथरायला एकच गाठ पडली. सुशीलने कुणाचेही फ्लेक्स सोडले नव्हते. पुंजण्याच्या माथ्यावर वकीलसाहेब हात जोडून आभाळाकडे बघत होते. एका अंगाला राईस मिलवाले शेठ, दुसऱ्या अंगाला शिलाई मशीन. टिकारामभाऊ भिजत भिजत येऊन बघून गेले आणि म्हणाले, "गुरुजी, पुरी विधानसभा तुमच्या धानावर बसवली गा पोराने!" इतक्या दिवसांत मी पहिल्यांदा हसलो.

मग माणसं गेली. एक फ्लेक्स उरला होता, तो आम्ही दोघांनी डोक्यावर धरला आणि पुंजण्याला पाठ टेकून बसलो. वर पाऊस वाजत होता. आतून नव्या धानाची ऊब येत होती. एवढ्या जवळ आम्ही दोघं तो लहान असताना सायकलवर बसायचो, तेव्हाच बसलो असू.

"वकीलसाहेब फार रागावले असतील," मी म्हणालो.

"नाई. जीपमध्ये बसले आणि म्हणाले, 'तेरे पिताजी ने मेरा नाम सबसे पहले लिया ना? बस.' नागऱ्यापर्यंत खूश होते." त्याने डोक्यावरचा फ्लेक्स जरा वर उचलला. "शब्द मी दिला होता बाबा. कोणाले न विचारता. रातभर झोप नव्हती मले, मतं कुठून आणू म्हणून. तुमी सातही नावं घेतली आणि माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं. कोणी मले मागणार नाई आता, असं वाटलं."

मला काही समजेना. "अरे, मग घरी का आला नाहीस? मला वाटलं तू रागावलास. आईने अन्न सोडलं जवळजवळ."

फ्लेक्सच्या कडेवरून पाण्याची धार लागली होती, तो तिच्याकडे बघत राहिला.

"तुमी प्रधानमंत्र्याचं नाव घेतलं," तो म्हणाला. "कलेक्टरचं घेतलं. ठाणेदाराचं घेतलं. सातांचं घेतलं. ज्याचं नाव येत नव्हतं, त्याची कपबशी घेतली. मी मागे बसलो होतो. मले वाटलं, आता माझं येईल. नोकरी नाई पोराले, हे तरी म्हणतील. नाई आलं. मग उठलो."

मला ते लागलं, आणि त्याच क्षणी इतकं हलकंही वाटलं की मला लाज वाटली. राग नव्हता तर. तिरस्कार नव्हता. पोराला बापाच्या तोंडून आपलं नाव ऐकायचं होतं, एवढंच होतं.

"सुशील, तुझं नाव मी रोज घेतो रे," मी म्हणालो. "तू जन्मलास त्या दिवसापासून. घरच्या माणसासाठी चारचौघांत मागायचं नसतं, म्हणून खोलीचं दार लावून घेतो. माझ्या बापानेही माझं तसंच घेतलं असेल. मला कधी ऐकू आलं नाही."

"मलेही नाई आलं," तो म्हणाला. आणि मग, चौथीतल्या पोराने हट्ट करावा तसं, "आता घ्या. मोठ्यानं घ्या."

आडपडदा न ठेवता पाऊस कोसळत होता. मी हात जोडले. त्याने हात जोडले, मान खाली घातली आणि डोळे मिटून घेतले.

"प्रभू," मी म्हणालो, "सुशील घरी आला." पुढचं काही सुचेना, म्हणून तेच पुन्हा म्हणालो.

या वेळी मी डोळे मिटले नव्हते.